विदर्भाच्या संस्कृतीचे चित्रप्रदर्शन: भिंतीवर नेमके काय असावे?

प्रश्न (हौशी चित्रकार, प्रतापनगर):
आम्ही सात हौशी चित्रकार येत्या डिसेंबरात नागपुरात विदर्भाची संस्कृती आणि निसर्ग या विषयावर एक छोटे प्रदर्शन भरवणार आहोत. आतापर्यंत जमलेल्या अठ्ठावीस चित्रांपैकी अकरा वारली शैलीतील आणि सहा गोंड शैलीतील आहेत, आणि उरलेल्या अकरांत फुटाळा तलावावरचा सूर्यास्तच चार वेळा आला आहे. आमच्यातील एका ज्येष्ठ ताईंनी, ‘यात विदर्भ कुठे आहे?’ असे विचारले, तेव्हा कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. ही चित्रे काढून टाकावीत काय, आणि त्यांच्या जागी काय असावे?

उत्तर १ (कलाशिक्षिका):
ताईंचा आक्षेप रास्त आहे. वारली चित्रे पालघर-ठाण्याकडची. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने रेखाटण्याची ती पद्धत आपल्या बाजूची नव्हे. गोंड चित्रांबाबत मात्र जरा थांबून विचार करावा लागतो. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा होता, त्यामुळे गोंड परंपरा आपल्याला परकी म्हणता येणार नाही. परंतु ठिपक्या-रेघांनी भरलेले मोर आणि हरणे, ज्यांना आज सरसकट ‘गोंड चित्र’ म्हटले जाते, ती शैली मध्य प्रदेशातील पाटनगढचे परधान गोंड कलावंत जनगढ सिंह श्याम यांनी घडवली. १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनामुळे ती सर्वांसमोर आली. चित्रे ठेवायचीच असतील, तर शेजारच्या पाटीवर हे स्पष्ट लिहा. न लिहिता ‘विदर्भाची कला’ म्हणून टांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

उत्तर २ (नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतला रहिवासी):
आपल्याकडची कला भिंतीवर फारशी टांगलेली आढळत नाही, म्हणून ती नाहीच असा समज होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची, म्हणजे मोठ्या स्त्री-पुतळ्याची, मिरवणूक पाहा. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची सांगितली जाते. तिच्याबरोबर त्या त्या वर्षीच्या घडामोडींवर टीका करणारे बडगे, म्हणजे पुरुषरूपी पुतळे, निघतात, आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत सारे काही शेवटी जाळले जाते. जे शिल्प मुळात जाळण्यासाठीच घडते, त्याला दालनात आणायचे, तर बांबूचा सांगाडा बांधला जात असतानाच तेथे बसून रेखाटने करावी लागतात. या वर्षीचा पोळा होऊन गेला असला, तरी आमच्या महालातल्या चितारओळीतील मूर्तिकार अजून तेथेच आहेत. परवानगी घेऊन दोन-चार दुपारी त्यांच्या कामाशेजारी बसा. मातीने माखलेले हात काढणे सूर्यास्तापेक्षा पुष्कळ अवघड आहे, हे लगेच कळेल.

उत्तर ३ (जलरंगात स्थळचित्रण करणारा):
वारली काढून टाकल्यास विक्री घटेल, कारण बैठकीत लावायला लोक तीच चित्रे मागतात; हा हिशेब आधीच करून ठेवा. निसर्गचित्रांसाठी पळसाच्या मागे लागू नका, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि डिसेंबरात छायाचित्रांवरूनच काढावा लागेल. त्याऐवजी काटोल रस्त्याने जा. वाटेत जुनापाणीची महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत, आणि पुढे काटोलकडे अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) संत्री डिसेंबरापर्यंत झाडावर असतात. एक दिवस जास्त काढता आला, तर भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव पाहा. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांत पाळ (तलावाचा बांध), पाणी आणि खालची धानाची बांधी (भाताचे खाचर) हे तिन्ही एकाच चौकटीत बसतात, त्यामुळे निसर्ग आणि संस्कृती वेगवेगळ्या दाखवण्याची गरजच उरत नाही. जलरंगाचे काम सकाळी नऊच्या आत उरका. हिवाळ्यात पाण्यावरच्या धुक्यासाठी ओला वॉश (ओल्या कागदावर पसरवलेला पातळ रंग) त्याच वेळी साधतो. उन्हाळ्यात मात्र येथील उन्हात रंग ब्रश टेकवता टेकवता वाळतो, आणि कडा मऊ ठेवणे जवळजवळ अशक्य होते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. वारलीची तीन आणि गोंड शैलीची दोन चित्रे पाटीसह ठेवण्याचे ठरले आहे. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही जुनापाणीला निघत आहोत. फुटाळ्याचा सूर्यास्त एकच राहील; तो कोणाचा, यावर अजून एकमत झालेले नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकणार आहोत.