हायातो काझामीची कारकीर्द पुढे कशी गेली?

प्रश्न: १९९१ सालच्या ‘फ्यूचर जीपीएक्स सायबर फॉर्म्युला’ या जपानी अॅनिमे मालिकेत चौदा वर्षांचा हायातो काझामी योगायोगाने ‘असुरादा’ या बोलत्या गाडीचा नोंदणीकृत चालक होतो आणि कथेतील २०१५ च्या त्याच हंगामात विजेतेपदही पटकावतो. एवढ्या लवकर शिखर गाठलेल्या नायकाचे पुढे काय झाले, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद: पुढच्या हंगामातही तो जिंकतो, पण खरी रंगत १९९४ च्या ‘झिरो’ या भागात आहे, कारण तेथे भीषण अपघातातून वाचलेला हायातो प्रेयसी असुकाला दिलेल्या शब्दाखातर शर्यती सोडतो आणि तरीही वेगाची ओढ न आवरल्यामुळे परततो. माझ्या मते मूळ मालिकेतील विजयापेक्षा हा भाग कितीतरी प्रौढ आहे.

प्रतिसाद: सहमत आहे. मात्र १९९८ च्या ‘सिन’मध्ये कथेचे केंद्र कागा या दुसऱ्या चालकाकडे सरकते आणि हायातो हा ज्याला हरवायचे तो प्रतिस्पर्धी बनतो, हे विसरू नये. (कथेतील २०१५ उजाडण्याआधीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, बीजिंगला विजेवरच्या फॉर्म्युला ई शर्यती सुरू झाल्या, त्या गाड्या बोलत मात्र नाहीत.)

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आता ‘झिरो’पासूनच पाहायला घेतो.