विषय: यूरेच्या ट्रिपआधी पिकअपच्या खाली काय लावू?

मंडळी नमस्कार,
जुलैअखेर आम्ही तीन कुटुंबं कोलोरॅडोतल्या यूरेला चाललोय, तिथून इमोजीन पास हा डोंगरी घाट चढून टेल्युराइडला उतरायचा विचार आहे. गाडी फोर बाय फोर आहे, खाली पुढच्या बाजूला कंपनीचा एक पत्रा आहे. तेवढ्यावर भागेल का? मुलं सोबत आहेत म्हणून विचारतोय.

---

अरे, भागणार नाही. आधी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा हो आणि नीट बघ. तो पत्रा इंजिनच्या पुढच्या भागाखाली संपतो, त्याच्या मागे गिअरबॉक्सचं पॅन (खालचं तेलाचं भांडं), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा), हे बहुतेक गाड्यांत उघडंच असतं. इमोजीन १३,११४ फुटांवर आहे आणि वर सगळे सुटे धारदार दगड, चाकाखालून उडतात, उभे राहतात.

कोकणात जाताना चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, फुटला म्हणतो ना आपण, माझा फुटलासुद्धा नव्हता. उतारावर दगडावर बसला, खालून वाकून बघितलं तर बशीएवढा चेपलेला आणि तेलाचा थेंब नाही, म्हणून मी तसाच निघालो. दहा मिनिटांत ऑइल प्रेशरचा लाल दिवा. आत तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड त्या चेपलेल्या पत्र्याला टेकलं होतं, इंजिनला तेल जाईना. लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं. तेव्हा चेपलं तरी गळत नाही म्हणून पुढे जायचं नाही, हे लक्षात ठेव.

पैसे मोजकेच असतील तर आधी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखाली लावायची संरक्षक प्लेट घे, मग पुढची जाड प्लेट. स्टील दगडावरून सरकतं, ॲल्युमिनियम दगडात रुततं आणि खरवडतं, पण पाव इंची ॲल्युमिनियम ३/१६ इंची स्टीलच्या निम्म्याहून हलकं पडतं. तुझ्यासाठी मी स्टीलच म्हणेन. प्लेट चासीला बोल्ट होणारी हवी, आणि ऑइल बदलायला भोक असलेली, नाहीतर दर वेळी सगळी उतरवत बसशील.

आणि मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढू नकोस, त्यावर चाक चढव. मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा सगळ्यात खाली असतो, सस्पेन्शन उंच केलं तरी तो वर जात नाही, फक्त मोठ्या टायरने जातो.

---

काकांचं सगळं पटलं, एकच घालते. आपल्याकडे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड हे मीठ मारतात, ते प्लेटच्या वरच्या बाजूला चिखलात साठून राहतं आणि स्टील आतून गंजतं, बोल्ट तर असे धरतात की कापावे लागतात. बसवतानाच बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट धरू नये म्हणूनची पेस्ट) लावा, पहिल्या ट्रिपनंतर परत आवळून बघा, आणि घरी आल्यावर पाइप वरून आत घालून धुवा. सुकं गवत सायलेन्सरजवळ अडकलं तर पेट घेतं, दर थांब्याला हात घालून काढा, पण सायलेन्सर गार झाल्यावरच. आमच्या गाडीतून एकदा मूठभर निघालं, टोकं काळी पडलेली.

---

काका, वहिनी, खूप खूप आभार. आत्ताच खाली आडवा होऊन आलो, गिअरबॉक्सच्या पॅनवर आधीच बोटभर लांब ओरखडा आहे, मला पत्ताच नव्हता! मधली प्लेट आज ऑर्डर करतो. काका, ती आली की शनिवारी सकाळी तुमच्याकडे येऊन बसवू का? जॅक स्टँड मी आणतो, टॉर्क रेंच तेवढा तुमचा लागेल.