सोलापुरातील घर-जमीन एजंटाने कामाच्या वेळा ग्राहकांकडून कशा पाळून घ्याव्यात?

नमस्कार. मी सोलापुरात फ्लॅट, बंगले आणि एन.ए. (बिगरशेती) प्लॉट यांच्या खरेदी-विक्रीचे काम करते. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, एजंट म्हणून माझी नोंदणी आहे, हाताखाली माणूस नाही, आणि बहुतेक व्यवहार जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड आणि शेळगी या भागांतले असतात. कामाच्या वेळा आणि कामाची व्याप्ती ठरवून ती ग्राहकांकडून पाळून घेण्याबाबत या व्यवसायातील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. ‘रात्री फोन बंद ठेवा’ एवढ्याने माझे भागणार नाही. का, ते खाली लिहिते.

आमच्याकडे घर घेणाऱ्यांपैकी बरेच जण मूळचे सोलापूरचे असले तरी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत राहतात. कंपनीतून सुटून जेवण उरकेपर्यंत त्यांना नऊ वाजतात आणि त्यानंतर त्यांचे घर शोधणे सुरू होते. सुटीच्या दिवशी सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने उतरायचे, दिवसभरात जमतील तेवढ्या जागा पाहायच्या आणि परतायचे, असा त्यांचा बेत असतो. पैसे मुलाचे, पसंती सुनेची आणि शेवटचा शब्द इथे राहणाऱ्या वडिलांचा, त्यामुळे ‘पाणी किती दिवसांआड येते, बोअर आहे का’ हा एकच प्रश्न मला तीन फोनांवर तीनदा येतो. रात्री पावणेअकराला ‘ताई, झोपलात का?’ असा मेसेज येतो, आपण धास्तावून ‘नाही, बोला’ म्हणतो, आणि पलीकडून विचारले जाते की बाल्कनी पूर्वेलाच आहे ना! जणू सकाळपर्यंत ती पश्चिमेला सरकणार आहे.

तरीही काही फोन खरोखर थांबू शकत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दस्त असेल आणि आदल्या रात्री वकिलांच्या लक्षात आले की मालकाच्या आधार कार्डावरील आणि मिळकत पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डावरील) नावांत फरक आहे, तर तो फोन घ्यावाच लागतो. एका पार्टीकडून टोकन घेतलेला मालक दुसऱ्याशी बोलणी करत असल्याची कुणकुण लागली, तर त्याच रात्री हालचाल करावी लागते. म्हणजे शंभर बिनमहत्त्वाच्या फोनांत एखादा महत्त्वाचा दडलेला असतो, आणि घंटा मात्र सगळ्यांची सारखीच वाजते. माझी मुख्य अडचण हीच आहे.

एक गोष्ट मला बराच काळ खटकते आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बारा ते चार या वेळेत साइट दाखवणार नाही, असे मी सरळ सांगते आणि आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. पितृपक्षात नवा व्यवहार कोणी करत नाही, त्यामुळे ते पंधरा दिवस फोन आपोआप कमी होतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तर ग्राहकच म्हणतात, ‘यात्रा होऊ द्या ताई, मग बघू.’ ऊन, तिथी आणि यात्रा यांनी घातलेली मर्यादा लोक बिनतक्रार मान्य करतात. पण मुलीची दहावी आहे म्हणून साडेआठनंतर बोलता येणार नाही, असे मी म्हटले की ‘पाचच मिनिटे’ हे उत्तर ठरलेले असते. कारण बाहेरचे असेल तर ते नियम ठरते आणि माझे असेल तर ती सवलतीची विनंती ठरते. स्त्री असल्यामुळे यात आणखी एक पदर आहे: अंधार पडल्यावर अनोळखी माणसाबरोबर शहराबाहेर बाळे गावाच्या पुढच्या रिकाम्या प्लॉटवर जायला मी नकार दिला, की काही जणांना तो अविश्वास वाटतो.

आजवर केलेल्या उपायांपैकी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कामाची वेळ टाकून आपोआप जाणारे उत्तर लावणे हा पहिला होता; ते वाचून लोक लगेच फोन लावतात. कामासाठी वेगळा नंबर घेतला, तर नातेवाइकांनीच माझा घरचा नंबर ‘आपल्याच माणसाला’ देऊन टाकला. एका कुटुंबातून एकानेच बोलायचे, ही अट मात्र बरीच उपयोगी पडली, आणि सुरुवातीलाच घातली तर तिचे कोणाला वाईटही वाटत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी पैशाचे गणित आहे, असे माझे मत आहे. वकिलाला सल्ल्याची फी मिळते, डॉक्टरला तपासणीची मिळते. आम्हाला जी काही टक्का-दोन टक्के दलाली मिळते ती दस्त झाल्यावर. तोवरचा प्रत्येक तास ग्राहकाच्या लेखी फुकट असतो आणि आमच्या लेखी उधार. शिवाय फोन उचलला नाही तर ग्राहक दुसऱ्या एजंटाकडे जाईल किंवा मालकाला परस्पर गाठेल, ही भीती असतेच. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटावर नोंदणीची, हिशेबाच्या वह्या ठेवण्याची आणि ग्राहकाला हक्काची माहिती व कागदपत्रे मिळवून देण्याची जबाबदारी टाकली आहे. आमच्या दलालीचा दर किंवा कामाची वेळ त्यात ठरवून दिलेली नाही. ते आपले आपणच लिहून घ्यायला हवे.

म्हणून पहिल्या भेटीतच एक पानाचे सेवापत्र द्यावे, असा विचार आहे. त्यात फोनची वेळ सकाळी दहा ते रात्री साडेआठ, साइट फक्त उजेडात आणि आधी ठरवून, बोलणारी व्यक्ती एक, आणि दस्ताच्या आधीचे दोन दिवस वेळेचे बंधन नाही, एवढे लिहावे म्हणते. दस्तानंतर वीजबिलावर नाव लावणे, महापालिकेच्या करआकारणीत नोंद करणे आणि मिळकत पत्रिकेवर नाव चढवणे ही कामे मी आजवर ‘तेवढे करून द्या ना’ या शब्दावर करत आले. त्यांचे वेगळे शुल्क लिहावे की दलालीतच धरावे, याबाबत माझे मन ठरत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. सोलापूर, लातूर, सांगली अशा शहरांत, जिथे ग्राहक कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनेच येतो, तिथे असे सेवापत्र कोणी प्रत्यक्ष वापरते का, आणि ग्राहक त्यावर सही करतात का? तिसऱ्या-चौथ्या साइट व्हिजिटपासून शुल्क घेणाऱ्यांनी ते दलालीतून वळते केले की वेगळे ठेवले? तातडीच्या फोनसाठी वेगळी सोय, उदाहरणार्थ फक्त टोकन दिलेल्या ग्राहकालाच दुसरा नंबर देणे, कोणी करून पाहिली आहे का? स्त्री एजंटांनी संध्याकाळच्या साइटबद्दल काय शब्दांत सांगावे, तेही कळले तर बरे होईल. सेवापत्राचा मराठी मसुदा कोणाकडे असल्यास ग्राहकाचे नाव काढून इथेच द्यावा, म्हणजे इतरांनाही वापरता येईल. भाड्याच्या घरांचे काम मी करत नाही, त्यामुळे उत्तरे खरेदी-विक्रीपुरती असावीत.