स्कीमाला 'साचा' म्हटलं तर मावशी रागावली. मग काय म्हणू?

अनुमंद्र
मंडळी, अडलेय. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इटलीतल्या नेपल्सच्या जुन्या संगीतशाळांवर लेख लिहितेय. अठराव्या शतकाच्या सुरवातीला तिथे चार कॉन्झर्व्हेटरी होत्या, मूळच्या अनाथ मुलांना सांभाळायच्या संस्था, नावच 'जपणे' या क्रियापदावरून आलंय. तिथली पोरं रचना करायला शिकायची ती नुसते नियम पाठ करून नाही, ठरलेले छोटे छोटे तुकडे हातात बसवून. मास्तर फक्त बासची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची ओळ लिहून द्यायचा, तिला पार्तिमेंतो म्हणतात, आणि मुलाने हार्पसिकॉर्डला (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) बसून वरचं सगळं तिथल्या तिथे भरायचं. खाली म ग रे सा उतरताना दिसलं की वर ध प म ग येणार हे डोक्याआधी बोटांना कळायचं. या तुकड्याला आजचे अभ्यासक प्रिनर म्हणतात आणि अशा सगळ्या तुकड्यांना स्कीमा.
मी बिनधास्त 'साचा' लिहिलं. मावशीला वाचून दाखवलं, ती चाळीस वर्षं गाणं शिकवते, ती म्हणाली, "अगं साचेबंद गाणं ही आमच्यात शिवी आहे, तू त्या नेपल्सच्या संगीतकाराचं, पेर्गोलेसीचं कौतुक करतेयस की नालस्ती?"
मला मावशीचं पटतंय पण दुसरा शब्दही सुचत नाहीये.

दुर्वांकुर
आकृतिबंध. तयार शब्द आहे, समीक्षेत रुळलेला आहे.

खडूफळा
आकृतिबंध नको हो. जिल्हा परिषदेत २२ वर्षं काढली, आमच्याकडे आकृतिबंध म्हणजे कोणत्या खात्यात किती पदं मंजूर. लेखात तो शब्द आला की मला रिक्त जागाच दिसणार.

पेणचा_शाडू
साच्यावर अन्याय होतोय. आमच्या घरात तीन पिढ्या गणपती करतात. साच्यातून निघते ती कच्ची मूर्ती, सांधे जुळवायचे, हात बसवायचे, घासायचं, रंगवायचं, आणि डोळ्यांची आखणी करायला त्यातला माणूसच लागतो. एकाच साच्यातले दहा गणपती ठेवा, आखणी कोणाची ते मी लांबून सांगेन. 'साचेबंद' वाईट असेल, 'साचा' वाईट नाही. साच म्हणजे खरं, त्यावरूनच साचा आला असं आजोबा सांगायचे.

दुर्वांकुर
आजोबांचा मान राखून सांगतो, साच हा सत्य वरून आणि साचा हा संस्कृत 'संचक' वरून, दोन वेगळी कुळं. हिंदीतल्या साँचामध्ये तो अनुस्वार अजून टिकलाय बघा.

धातीधागे
ताई, तबल्यातला 'कायदा' घ्या ना. कायद्यात जे बोल आहेत तेवढेच वापरून पलटे, म्हणजे त्यांच्याच उलटसुलट मांडण्या करायच्या, बाहेरचा बोल आणायचा नाही, आणि तेवढ्यात वाजवणारा अर्धा तास खेळवतो. बंधनातूनच उपज निघते. मूळ अरबीत कायदा म्हणजे पाया, उर्दूच्या पहिल्या पुस्तकालाही कायदाच म्हणतात.

अनुमंद्र
कायदा आवडला, पण कायदा एकच घेऊन फुलवतात. इथे तुकडे एकापुढे एक जोडायचे असतात, आधी रोमानेस्का नावाचा तुकडा, त्याच्या मागून प्रिनर, मग कॅडेन्स, म्हणजे वाक्य संपवणारा तुकडा. कायद्यापुढे दुसरा कायदा असा लगेच जोडत नाहीत ना?

निषाद_कोमल
मग 'जागा' म्हणा!! काय जागा घेतली असं आपण म्हणतोच की.

मारवा
जागा अजिबात नको. जागा त्या गवयाची स्वतःची असते, म्हणून तर दाद मिळते. प्रिनर कोणाचाच नाही, नेपल्सचा पोरगा वाजवणार आणि व्हिएन्नात मोझार्टही वाजवणार.

निषाद_कोमल
नाट्यगीतात पिढ्यान्‌पिढ्या त्याच ठिकाणी तीच जागा घेतात, नाही घेतली तर लोक नाराज होतात. हुकमी जागा म्हणतात त्याला.

शब्दनिष्ठ
उधारी कशाला? 'स्वरसूत्र' करा. सूत्र म्हणजे थोडक्यात सांगितलेलं आणि सूत्र म्हणजे दोराही, तुकडे ओवलेले. आपण शब्द घडवले नाहीत तर पुढची पिढी स्कीमाच म्हणेल.

धातीधागे
म्हणू दे. राग हा शब्द बाहेर तसाच गेला, कोणी भाषांतर केलं नाही. आणि शुद्ध शुद्ध म्हणताना कायदा, कित्ता, तबला सगळं बाहेरूनच आलंय, ते काढून टाकायचं का?

शब्दनिष्ठ
काढा असं मी म्हटलेलं नाही. नवीन आणताना आधी घरात बघा एवढंच म्हणतोय.

मडगांवचो
गोव्यात आमच्या आजोबांच्या वेळी पॅरिश स्कूलमध्ये मेस्त (संगीताचा मास्तर) आधी सोल्फा, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, घोटून घ्यायचा आणि मग व्हायोलिन हातात द्यायचा. नेपल्समध्येही वाद्याआधी सोल्फेज्जो असायचं असं वाचलंय. त्या घोटण्याला शब्द शोधा, तुकड्याला आपोआप मिळेल.

खडूफळा
घोटण्याला कित्ता. मास्तर ओळ लिहून देतो, आपण गिरवतो. पार्तिमेंतोला कित्ता शोभतो.

अनुमंद्र
कित्ता अर्धाच बसतो, कित्त्यात पूर्ण ओळ दिसते आणि इथे वरचं काहीच लिहिलेलं नसतं. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं आहे ते. पण ज्या मराठी नावांचा खरंच मोह होतोय ती वेगळीच. योझेफ रीपेल या संगीतशास्त्रकाराने १७५५ मध्ये तीन तुकड्यांना मोंते, फोंते, पोंते म्हटलं, म्हणजे डोंगर, विहीर, पूल. मोंतेत तोच तुकडा एक स्वर वर चढवून परत, फोंतेत आधी मायनरमध्ये (कोमल गंधाराचं सप्तक) आणि मग एक स्वर खाली मेजरमध्ये (शुद्ध गंधाराचं), आणि पोंते पंचमावर रेंगाळत ठेवतो.

मारवा
मग घाट, विहीर, साकव! आणि 'घाट' म्हणजे घडणही, भांड्याचा घाट म्हणतो तसा. स्कीमालाच घाट म्हणा, साच्यासारखा बोचत नाही.

पेणचा_शाडू
घाट पूर्ण वस्तूचा असतो, तुकड्याचा नाही. आणि साकव म्हणजे पूल नव्हे. पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, दोन पोफळी आडव्या टाकल्या की साकव, सिमेंटचा झाला की पूल.

मडगांवचो
आमच्याकडे सिमेंटचाही सांकवच. मांडवीवरचाही सांकवच.

अनुमंद्र
अंक सोमवारी छापायला जातोय, साचा की घाट तेवढं सांगा.

निषाद_कोमल
पावसाळ्यात वाहून जातो आणि दिवाळीला परत बांधतात तो साकव. आजोळी दर वर्षी बांधायचे, आम्ही पोरं वेलीने बांधायला मदत करायचो. मांडवीवरच्याला साकव कसं म्हणवतं तुम्हाला?