संमतीच्या घटस्फोटात मुलीच्या भेटीच्या अटी किती तपशिलाने लिहाव्यात?

कोलशेतकर (प्रश्न)

नमस्कार. आमचा संसार ठाण्यात कोलशेतला होता. वीस महिन्यांपूर्वी पत्नी आमच्या साडेसात वर्षांच्या मुलीला घेऊन खारघरला माहेरी गेली आणि आता परस्पर संमतीने वेगळे व्हावे यावर आमचे एकमत झाले आहे. मुलगी आईकडे राहील, हेही मला मान्य आहे. मी अडलो आहे तो एका ओळीवर. वकिलांच्या मसुद्यात ‘वडिलांना मुलीला वाजवी वेळी भेटता येईल’ एवढेच लिहिले आहे. तपशिलात शिरलात की भांडण सुरू होईल, पुढचे पुढे पाहू, असे ते म्हणतात. मी सही करावी का? आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबावेच लागते का?

जुना काळा कोट

त्या ओळीवर सही करू नका. ‘वाजवी’ म्हणजे किती, याबद्दल ज्या दिवशी तुम्हा दोघांचे मत वेगळे होईल त्या दिवशी हा आदेश हातात असूनही निरुपयोगी ठरेल, कारण समोरच्याने तो मोडला हे दाखवायला त्यात मोडण्याजोगे काहीच लिहिलेले नाही.

सहा महिन्यांविषयी: हिंदू विवाह कायदा 1955च्या कलम 13-ब नुसार किमान एक वर्ष वेगळे राहिल्यावर संयुक्त अर्ज करता येतो आणि त्यानंतर सहा महिन्यांचा अवधी असतो. हा अवधी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली अमरदीप सिंह विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात म्हटले आहे. अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असावे, ही त्यातली अट तुम्ही पूर्ण करता. मात्र पोटगी आणि मुलांचा ताबा हे मुद्दे खरोखर मिटलेले असावेत, ही दुसरी अट लोक विसरतात. ‘पुढचे पुढे पाहू’ म्हणणारा मसुदा नेमका तिथेच आडवा येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम निर्णय, होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, त्यामुळे घाईत मिळवलेली सही फार कामाची नसते.

कामोठ्याची आई

माझा मुलगा माझ्याकडे असतो, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. आमच्या अटींत ‘दर रविवारी अकरा ते पाच’ असे स्पष्ट होते, तरी पहिल्याच वर्षी वाद झाले, कारण ठाणे-पनवेल लोकलला रविवारीच मेगाब्लॉक असतो आणि त्याचा विचार आम्हा दोघांपैकी एकानेही केला नव्हता. तुमचाही मार्ग तोच आहे. शक्य असल्यास शनिवार ठरवा. मूल कोठे सोपवायचे, ने-आण कोणी करायची, चुकलेली भेट कधी भरून काढायची, हे लिहून घ्या. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी वाटून घ्या, परीक्षेच्या आठवड्यात भेट कशी ठेवायची ते ठरवा आणि व्हिडिओ कॉलचा वार व वेळ नेमा. शाळेची पालकसभा, प्रगतिपुस्तक आणि आजारपणाची खबर दोघांनाही मिळावी, ही ओळ अवश्य घाला. माझ्या मुलाच्या वडिलांना त्याच्या टायफॉइडची बातमी शेजाऱ्यांकडून कळली, आणि तेव्हा चूक माझी होती.

पारसिकचा प्रवासी

तपशील हवाच, पण आठ पानी करारनामा करू नका. साडेसात वर्षांच्या मुलीला सोसणारे वेळापत्रक बाराव्या वर्षी तिला काचेल. ताब्याचा आदेश तसाही कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 26 खाली, हुकूमनामा झाल्यानंतरही, त्यात बदल मागता येतो. दर दोन वर्षांनी अटी एकत्र तपासू, असे एक वाक्य घातलेत तर तेवढ्यासाठी न्यायालयात जावे लागणार नाही.

एक स्थानिक गुंता सांगतो. तुमचे शेवटचे एकत्र वास्तव्य ठाण्यातले असल्यामुळे संयुक्त अर्ज ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात करता येईल. परंतु उद्या 1890च्या पालक व पाल्य कायद्याखाली ताब्याचा स्वतंत्र अर्ज करायची वेळ आली, तर मूल जिथे नेहमी राहते तिथेच तो करावा लागतो; आणि खारघर बोलण्यात नवी मुंबई असले तरी जिल्हा रायगड आणि तालुका पनवेल आहे. मुलीच्या पोटगीचा आकडाही लिहा. ‘आम्हाला काही नको’ असे पत्नीने स्वतःपुरते म्हटले तरी मुलीचा हक्क त्याने सुटत नाही.

कोलशेतकर

सर्वांचे आभार. काल पत्नीशी फोनवर तासभर बोललो. शनिवार ठरला, पोटगीचा आकडा ठरला, दोन वर्षांनी अटी तपासण्याचे वाक्यही तिला पटले. गणपतीवर मात्र अडलो, कारण मुलगी माझ्याबरोबर साताऱ्याला गावी यावी असे मला वाटत होते आणि खारघरची आरती तिने चुकवू नये असे तिला. शेवटी पत्नीनेच आठवण करून दिली की तिच्या माहेरचा गणपती दीड दिवसाचा असतो आणि आमच्याकडे गौरींबरोबर विसर्जन होते. तिच्या माहेरच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घ्यायला खारघरला जाईन, असे मसुद्यात घालायला वकिलांना सांगितले आहे.