सीलिअ‍ॅक असताना बाळाचा विचार: आधी किती थांबावे, काय तपासून घ्यावे?

गोदाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय ३० वर्षे असून आम्ही नाशिकला एकत्र कुटुंबात राहतो. माझे हिमोग्लोबिन दोन वर्षे सातत्याने कमी येत होते आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते आठाच्या वर जात नव्हते. शेवटी डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी (या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासून घेतला. त्यातून चौदा महिन्यांपूर्वी सीलिअ‍ॅक आजाराचे निदान झाले, म्हणजे गहू आणि जव यांतील ग्लुटेन या प्रथिनाने माझ्या आतड्याला इजा होते. त्या दिवसापासून मी पोळी, ब्रेड, बिस्किटे, रवा आणि मैदा पूर्णपणे सोडले आहे. ज्वारीची आणि बाजरीची भाकरी, भात, नाचणी असाच माझा आहार असतो.

लग्नाला तीन वर्षे झाली असून आता आम्हाला बाळाचा विचार करायचा आहे. पोटाचा त्रास थांबला आहे आणि वजन पाच किलो वाढले आहे, परंतु टीटीजी अजून सामान्य झालेले नाही. निदानाच्या वेळी ते २०० च्या वर होते, मागच्या महिन्यात ६४ आले, आणि आमच्या प्रयोगशाळेची मर्यादा २० आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, ११ आहे. पथ्य इतके काटेकोर पाळूनही हा आकडा खाली का येत नाही, हे मला समजत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. टीटीजी सामान्य होईपर्यंत थांबणे आवश्यक आहे का? गर्भधारणेपूर्वी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात? हा आजार बाळाला होण्याची शक्यता किती असते, आणि तो टाळण्यासाठी बाळाला गहू द्यायचाच नाही असे करावे का? घरातील मोठी माणसे प्रेमाने विचारतात, पण त्यांना काय उत्तर द्यावे हे सुचत नाही. ज्यांनी हा मार्ग पार केला आहे त्यांनी कृपया लिहावे.

दोन मुलांची आई

ताई, तुमचा प्रश्न वाचताना मला माझीच सात वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. निदान होण्यापूर्वी माझे दोन गर्भपात झाले, एक आठव्या आठवड्यात आणि दुसरा नवव्या. ते सीलिअ‍ॅकमुळेच झाले असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण गर्भपात अनेक कारणांनी होतात. मात्र निदान न झालेल्या किंवा पथ्य न पाळलेल्या सीलिअ‍ॅकमध्ये गर्भधारणेला विलंब, गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाचे कमी वजन यांचे प्रमाण जास्त आढळते, आणि आतडे बरे झाल्यावर ही जोखीम जवळजवळ इतर स्त्रियांइतकी खाली येते, हे माझ्या डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत समजावले. तुमचे निदान गर्भधारणेपूर्वी झाले आहे, ही तुमच्या बाजूची फार मोठी गोष्ट आहे. ती कृपया लहान समजू नका.

आम्ही निदानानंतर सोळा महिने थांबलो. सुरुवातीला मला ते वाया गेलेले महिने वाटले. नंतर लक्षात आले की त्या काळात माझे फेरिटिन ९ वरून ४८ वर गेले, आणि ते गरोदरपणात मिळवणे मला जमले नसते. पहिल्या तीन महिन्यांत मला पाणीसुद्धा पचत नव्हते, तिथे लोहाची गोळी कुठून पचणार? आधी साठवलेलेच उपयोगी पडले.

एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. सकाळच्या मळमळीवर सगळे जण कोरडे बिस्किट किंवा टोस्ट खायला सांगतात. मी उशाशी साळीच्या लाह्या आणि राजगिऱ्याच्या लाह्यांचा डबा ठेवत असे आणि उठण्यापूर्वी मूठभर खात असे. तसेच गरोदर बाईला शक्ती यावी म्हणून दुधातून पिण्याची जी माल्टयुक्त पावडर प्रेमाने आणून दिली जाते, तिच्यातील माल्ट बहुधा जवाचे असते आणि अनेकदा गहूही असतो. माझ्याकडे असे तीन डबे भेट आले होते. एकही उघडला नाही.

माझी दोन्ही मुले पूर्ण दिवसांची झाली.

आहारतज्ज्ञ, कोल्हापूर

मी गेली अकरा वर्षे रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. औषधांचे निर्णय तुमचे पोटविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ घेतील. त्यांच्याकडे जाताना तुमच्या हातात नेमके प्रश्न असावेत, एवढ्यासाठी लिहीत आहे.

प्रथम टीटीजीविषयी. काटेकोर पथ्य पाळूनही हा आकडा सामान्य होण्यास वर्ष ते दोन वर्षे लागू शकतात, विशेषतः सुरुवातीचा आकडा फार वर असेल तर. म्हणून २०० वरून ६४ ही घसरण चांगली आहे. तरीही चौदा महिन्यांनी तो मर्यादेच्या तिप्पट असेल, तर नकळत ग्लुटेन पोटात जात आहे का, हे शोधल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते, असे अभ्यासात दिसले आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम कणीक, चिमटीत मावेल एवढी. तुम्ही पोळी सोडली आहे याबद्दल मला शंका नाही, पण एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात ही चिमूट कुठून येते ते शोधायला हवे. माझा पहिला संशय हिंगावर असतो. आपण वापरतो तो हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि बऱ्याचदा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि तो आमटीत, भाजीत, ताकात, पापडात, लोणच्यात सगळीकडे जातो. तांदळाच्या पिठात केलेला हिंग मिळतो, तो घ्यावा. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो, सातूच्या पिठात सातू म्हणजे जवच असतो, आणि तयार नाचणीसत्त्वात कधी कधी गहू मिसळलेला असतो. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचे असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे.

आता तपासण्या. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनबरोबर बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडसाठीचे टीएसएच तपासून घ्या. सीलिअ‍ॅक असलेल्यांमध्ये थायरॉइडचा स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा) आजार अधिक आढळतो, आणि गर्भधारणेपूर्वी तो माहीत असणे फार महत्त्वाचे आहे. हाडांची घनता तपासण्याची गरज आहे का, हेही विचारा. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर त्याची लस गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी घ्यावी लागते, कारण ती गरोदरपणात देता येत नाही. हिपॅटायटिस बीच्या लशीला सीलिअ‍ॅक असलेल्यांचे शरीर कमी प्रतिसाद देते, म्हणून लहानपणी लस झाली असली तरी प्रतिपिंडे तपासून पाहावीत का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

फॉलिक आम्लाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. बाळाची मज्जारज्जूनलिका, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, म्हणजे अनेकींना पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत ते काम संपत आलेले असते. त्यामुळे सर्वसाधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करण्याआधीच घ्यायला लागतात आणि बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. सीलिअ‍ॅकमध्ये शोषण पुरेसे होत नसेल, तर काही डॉक्टर ५ मिलिग्रॅमची मोठी मात्रा देतात. मात्र ती स्वतःहून घेऊ नका. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि फॉलिक आम्लाच्या मोठ्या मात्रेने रक्तातील सुधारणा दिसत राहते, पण बी-१२ च्या अभावाने नसांचे होणारे नुकसान आत चालूच राहते. म्हणून आधी बी-१२ तपासा.

फेरिटिन ११ असताना मी घाई करू देणार नाही. गोळ्यांनी ते वाढत नसेल, तर शिरेतून लोह देता येते. ते गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, म्हणून हा निर्णय आत्ताच होणे सोयीचे आहे.

बाळाबद्दल. आई किंवा वडिलांपैकी एकाला सीलिअ‍ॅक असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणजे दहांपैकी नऊ मुलांना तो होत नाही. बाळाला गहू न देऊन तो टाळता येत नाही. २०१४ साली युरोपातील दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एकात चौथ्या महिन्यापासून अगदी थोडे ग्लुटेन देऊन पाहिले होते, दुसऱ्यात सहाव्या महिन्याऐवजी बाराव्या महिन्यात सुरू केले होते. दोन्हींत या बदलांनी आजार टळला नाही. स्तनपानानेही तो टळतो असे दिसले नाही, जरी स्तनपान इतर अनेक कारणांनी बाळासाठी उत्तमच आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना गहूही हळूहळू द्यावा. उलट बाळाला गव्हापासून दूर ठेवले, तर पुढे टीटीजी तपासणीचा अर्थच लागत नाही, कारण ग्लुटेन खाल्ले तरच ती तपासणी काही सांगू शकते.

साताऱ्याच्या काकू

मला तपासण्यांतले काही कळत नाही, पण माझ्या सुनेला हाच आजार आहे आणि आमचे स्वयंपाकघर मी बदलले आहे, म्हणून लिहिते. पोरी, तू ज्वारीची भाकरी खातेस असे लिहिलेस, पण ज्वारी दळतेस कुठे?

आम्हीही आधी चौकातल्या गिरणीतच दळण टाकत होतो. गव्हावर ज्वारी दळू नका, एवढे मी गिरणीवाल्या भाऊंना बजावून सांगत असे आणि ते बिचारे सांभाळतही होते. एक दिवस बाजरीचे दळण होईपर्यंत मी तिथेच थांबले. पीठ जिथून पडते तिथे कापडाची नळी बांधलेली असते. दळण संपल्यावर भाऊंनी सवयीने ती नळी दोनदा झटकली, आणि माझ्या डब्यातल्या करड्या बाजरीच्या पिठावर पांढरी कणीक भुरभुरून पडली. मी तो डबा तसाच घरी आणला आणि मुलाला दाखवला. वर्षभर आम्ही सुनेला भाकरी म्हणून काय खायला घालत होतो, ते तेव्हा समजले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात आजवर गव्हाचा एक दाणाही गेलेला नाही. घरातल्या इतरांचे गहू अजूनही गिरणीत जातात. भाकरीची परात, तवा आणि उलथणे वेगळे आहे, आणि भाकरी नेहमी पोळ्यांच्या आधी करायची, कारण पोळी लाटताना जी पिठी उडते ती ओट्यावर सगळीकडे बसते. सुनेचे पीठ वरच्या फळीवर, कणीक खाली.

डोहाळजेवणाला आणि बाळंतपणातही अडले नाही. अळिवाचे लाडू केले. डिंकाचे लाडू खारीक-खोबऱ्यावरच बांधले, कणीक घातली नाही. मेथीच्या लाडवात कणकेऐवजी नाचणीचे भाजलेले पीठ घातले, थोडे कडवट लागले पण तिने आवडीने खाल्ले. सत्यनारायणाचा प्रसाद मात्र आधी माझ्या मनाला लागला होता, कारण प्रसादाला नाही कसे म्हणायचे? आमच्या गुरुजींनीच सांगितले की वरईचा शिरा नैवेद्याला चालतो. आता आमच्याकडे सर्वांसाठी तोच होतो.

घरातली मोठी माणसे विचारतात असे तू लिहिलेस. त्यांच्यापैकी एकीला तुझ्याबरोबर आहारतज्ज्ञांकडे घेऊन जा. मला माझ्या सुनेने नेले होते. तिने शंभर वेळा सांगून जे माझ्या डोक्यात शिरले नसते, ते तिथे अर्ध्या तासात शिरले.

दोन मुलांची आई

काकूंच्या उत्तरात एवढीच भर घालते की प्रसूतीसाठी रुग्णालयात दाखल होताना तिथल्या जेवणाची चौकशी आठव्या महिन्यातच करून ठेवावी. मला पहिल्या बाळंतपणात दुसऱ्या दिवशी दलियाची खीर आली होती, आणि ती घेऊन आलेल्या मावशींना त्यात गहू आहे हे माहीत नव्हते. दुसऱ्या वेळी माझा डबा घरून येत होता आणि तसे कागदावर आधीच लिहून दिले होते. औषधांच्या बाबतीतही प्रत्येक नव्या गोळीबद्दल विचारण्यास संकोच करू नका.

गोदाकाठ

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काकू, तुमचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. कापडाच्या नळीपर्यंत आल्यावर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि हिंगाची डबी घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनीच घटक वाचले: डिंक, गव्हाचे पीठ, हिंग. ही डबी मी चौदा महिने रोज फोडणीला वापरत होते. ज्वारीही आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीतूनच दळून येते.

आम्ही दोघांनी ठरवले आहे की आणखी सहा महिने थांबायचे. घरघंटी या आठवड्यात येईल. बी-१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच आणि रुबेला यांच्या तपासण्या सोमवारी देणार आहे, आणि शिरेतून लोह देण्याविषयी डॉक्टरांना विचारणार आहे. आहारतज्ज्ञांच्या भेटीला सासूबाई येत आहेत. टीटीजी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून आकडा इथेच लिहीन.