पेशंटचे जुने एक्सरे एआय कंपनीला द्यावेत का?

तालुका_डॉक्टर:
आमचं तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल आहे. एक कंपनी मागे लागलीये, त्यांना छातीचे जुने एक्सरे आणि रिपोर्ट हवेत, बदल्यात टीबी ओळखणारं सॉफ्टवेअर फुकट देतो म्हणतायत. मॅनेजमेंट म्हणतं नावं काढली की झालं. सॉफ्टवेअर मला खरंच हवंय, रेडिओलॉजिस्ट आमच्याकडे रोज येत नाही, पण पेशंटला न विचारता असं परस्पर देऊन टाकायचं हे काही पटत नाहीये. कोणी असा करार केलाय का?

पॅक्सवाला:
नावं काढणं वाटतं तेवढं सोपं नाही हो. डायकॉम फाइलच्या (एक्सरे-स्कॅन साठवायचा ठरलेला फॉरमॅट) हेडरमधलं, म्हणजे फोटोसोबत जोडलेल्या माहितीतलं नाव, जन्मतारीख स्क्रिप्टने पुसता येते, पण सोनोग्राफीत आणि स्कॅन केलेल्या जुन्या फिल्मवर नाव चित्रातच उमटलेलं असतं, तिथे एकेक फोटो डोळ्यांखालून घालावा लागतो. आणि रिपोर्टमध्ये वय, गाव, आजार राहिला तर तालुक्याच्या गावात माणूस ओळखायला नाव कशाला लागतंय?

लंडनहून_मीनल:
इथलं रॉयल फ्री हॉस्पिटलचं प्रकरण नक्की वाचा. २०१५ मध्ये त्यांनी गुगलच्या डीपमाइंडला सुमारे १६ लाख पेशंटचा डेटा दिला, किडनी अचानक बिघडत असेल तर डॉक्टरला मोबाईलवर अलर्ट देणारं अ‍ॅप तपासायला. हेतू चांगलाच होता! तरी २०१७ मध्ये इथल्या माहिती आयुक्तांनी (डेटा संरक्षणावर देखरेख ठेवणारे) हॉस्पिटललाच दोषी धरलं, कारण आपला डेटा असा वापरला जातोय हे पेशंटना नीट सांगितलंच नव्हतं. कंपनी कितीही मोठी असो, उत्तर द्यायची वेळ हॉस्पिटलवर येते. मला तर हे अगदी बरोबर वाटतं, पेशंट विश्वास टाकतो तो डॉक्टरवर.

अ‍ॅड_कोल्हापूर:
आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात संमतीची सूचना मराठीतून वाचायची सोय देण्याची तरतूद आहे, म्हणजे इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन भागणार नाही. करारात डेटा नेमका कशासाठी, किती दिवस, तिसऱ्याला विकायचा नाही, मुदत संपली की डिलीट, हे सगळं लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर अजिबात जाऊ नका. आणि आधी एथिक्स कमिटीकडे (संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय का ते तपासणारी समिती) जा.

तालुका_डॉक्टर:
खूप आभार सगळ्यांचे. पण आमच्याकडे एथिक्स कमिटीच नाहीये, जवळच्या मेडिकल कॉलेजची चालेल का?

अ‍ॅड_कोल्हापूर:
चालते, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाईडलाईन्समध्ये तशी सोय आहे, त्या कॉलेजशी एमओयू (लेखी सामंजस्य करार) करावा लागेल. तोपर्यंत कंपनीला एकही फाइल देऊ नका, सॅम्पल म्हणून मागितली तरी नाही.